पोलिसांच्या ताब्यातले सोने हरवले, तर भरपाई कुणी द्यायची?

प्रश्न : पोलिसांनी जप्त केलेला माल ठाण्यातूनच नाहीसा झाला, तर सरकारवर दावा लावता येतो का? ‘सार्वभौम सरकारवर खटला चालत नाही’ असे म्हणतात, ते खरे का?
– एक वाचक

उत्तर : दावा लावता येतो. तो टिकेल की नाही, हे मात्र अजूनही कंपनी सरकारच्या काळातल्या नियमावर अवलंबून आहे.

संविधानाच्या अनुच्छेद 300 नुसार केंद्र किंवा राज्य सरकारवर दावा करता येतो. पण सरकारची जबाबदारी किती? नवा कायदा होईपर्यंत संविधानापूर्वी होती तेवढीच. मग 1935चा कायदा, त्याआधी 1858चा, असे मागे जात आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात पोहोचतो. कलकत्त्यात खिदिरपूरच्या सरकारी गोदीतल्या कामगारांनी रस्त्यात लोखंडी भाग टाकला. त्या आवाजाने एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. 1861 साली कोर्टाने भरपाई मंजूर केली, पण एक रेघही ओढली: व्यापारी कामात चूक झाली तर सरकार जबाबदार, राजसत्तेच्या कामात नाही.

या रेघेने पुढे एका सराफाला बुडवले. 20 सप्टेंबर 1947च्या रात्री अमृतसरच्या पेढीचा एक भागीदार मेरठला उतरला. चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्याला धरले आणि त्याच्याजवळचे 103 तोळ्यांहून अधिक सोने व चांदी जप्त केली. चांदी परत मिळाली. सोने सरकारी खजिन्यात न ठेवता ठाण्याच्या मालखान्यात ठेवले होते. ते घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाने ‘कस्तुरीलाल’ खटल्यात पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, तरी भरपाई नाकारली, कारण अटक आणि जप्ती ही राजसत्तेची कामे ठरली. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठाचे प्रमुख होते साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. ही स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने कायदा करावा, असे त्याच निकालात म्हटले आहे. 1967 साली विधेयक आलेही, पण ते बारगळले. ज्या इंग्लंडकडून आपण ‘सार्वभौम सरकारवर खटला नाही’ ही कल्पना घेतली, तिथे मात्र 1947 सालीच तसा कायदा झाला होता.

न्यायालयांनी मग दुसरी वाट काढली. निर्दोष ठरूनही 14 वर्षे बिहारच्या तुरुंगात अडकलेल्या माणसाला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने 1983 साली भरपाई देवविली. कोठडीतल्या मृत्यूच्या ‘नीलाबती बेहेरा’ खटल्यात (1993) न्यायालयाने ठरवले, की मूलभूत हक्क तुडवले गेल्याची रिट याचिका असेल, तर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. तुमच्या प्रश्नाला जवळचा एक निकाल 1994चा आहे. जप्त केलेले खत सरकारच्या हलगर्जीपणाने खराब झाले, आणि सरकारला भरपाई द्यावी लागली.

तेव्हा माल जप्त झाला, तर पंचनाम्याची प्रत आणि पावती त्याच वेळी मागून घ्या. सरकारवर दिवाणी दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. नागरिकाचे सोने सांभाळता आले नाही, तर त्याची किंमत सरकारनेच मोजली पाहिजे. हे एका ओळीत सांगणारा कायदा संसदेने आता तरी करावा.