अध्यक्षावांचून सभा



पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी अध्यापनाच्या कामांत नवखा असतां, फाल्गुनांतल्या एका दुपारीं शाळेच्या आवारांतील चिंचेवर मधमाश्यांचा एक थवा येऊन बसला. खालच्या फांदीला हातभर लांबीचा, तपकिरी, सजीव असा गोळाच लोंबूं लागला. मुलें भ्यालीं, आणि खरें सांगावयाचें तर मीही भ्यालों. मीं शिपायाकडून लांब काठीला चिंध्या बांधविल्या, त्यांवर रॉकेल ओतविलें, आणि सायंकाळीं तो थवा जाळविला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडाखालीं माश्यांचा खच पडला होता व दोन मुलें तो केरसुणीनें लोटीत होतीं. त्या वेळीं सर्वांनीं मला शाबासकी दिली. पुढें या विषयावरील वाचन घडलें, तेव्हां ती शाबासकी मला बोचूं लागली. कारण तो थवा तेथें राहावयास आलाच नव्हता. त्याची तेथें सभा भरली होती. ती संपतांच, बहुधा दोन-तीन दिवसांत, तो आपल्या वाटेनें निघून गेला असता.

थवा म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. फुलांचा हंगाम चांगला आला व पोळें माश्यांनीं दाटून गेलें, म्हणजे म्हातारी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्यांसह जुनें घर सोडते आणि तें घर, त्यांतील मधासह, जन्मास येणाऱ्या लेकीला ठेवते. आपल्याकडे मुलें वेगळें बिऱ्हाड करितात. येथें आईच बिऱ्हाड हलविते! निघतांना प्रत्येक कामकरी माशी पोटांत मावेल तेवढा मध भरून घेते. हीच काय ती शिदोरी. ज्यांचीं पोटें भरलेलीं आहेत व ज्यांना राखावयास घर नाहीं, अशा माश्या सहसा डंख मारीत नाहींत. (आग्या माशीची गोष्ट निराळी. तिच्या पोळ्याजवळ कोणीही जाऊं नये.)

आतां हा जमाव उघड्या फांदीवर बसला आहे. शिदोरी दिवसेंदिवस संपत आहे. पाऊस आला तर आडोसा नाहीं. ढोल निवडावयाची ती एकदांच, आणि ती निवड चुकली तर सर्वांचा नाश ठरलेला. यूरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत एका वसाहतीला हिंवाळा काढण्यास सुमारें २० किलो मध सांठवावा लागतो. ढोल लहान निघाली तर तो मावणार कोठें? असा हा जीवनमरणाचा प्रश्न कोण सोडवितें? तुम्ही म्हणाल, राणी. परंतु येथेंच मनुष्यानें आपल्या राजवाड्यांतील शब्द माशीच्या घरीं नेऊन घोटाळा करून ठेविला आहे. राणी हुकूम करीत नाहीं. ती अंडीं घालते. घर शोधण्याच्या कामांत तिचा कांहींच भाग नसतो. थवा उठला कीं त्याच्याबरोबर ती उठते, एवढेंच. पुढील हकीकत यूरोपीय मधमाशीची आहे, कारण तिच्यावर संशोधन अधिक झालें आहे. आपली सातेरी माशीही झाडांच्या ढोलींत व भिंतींच्या पोकळींत घर करणारी असल्यामुळें तिच्यापुढेंही प्रश्न तोच असतो.

सन १९४९ च्या वसंतांत जर्मनींतील म्यूनिक शहरीं मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकानें एक थवा पाहिला. माश्यांचें नृत्य ही त्यांची भाषा आहे, हें त्याचे गुरु कार्ल फॉन फ्रिश यांनीं दाखवून दिलें होतें (या कार्याबद्दल फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें). फुलांवरून आलेली माशी पोळ्यावर शेपटाकडचा भाग हलवीत सरळ चालते. त्या रेषेचा उभ्या रेषेशीं होणारा कोन म्हणजे सूर्यापासूनची दिशा, आणि ती किती वेळ चालते त्यावरून अंतर. लिंडाउअर यांना असें नृत्य थव्याच्या पाठीवर दिसलें. पण नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर पराग नव्हता. कोणी काजळीनें काळी, कोणी विटांच्या भुकटीनें तांबडी, तर कोणी पिठानें पांढरी झालेली! महायुद्धांत म्यूनिक शहर बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालें होतें. या माश्या फुलांवर गेल्याच नव्हत्या. धुराडीं व पडक्या भिंती धुंडाळून, कुटुंबासाठीं जागा पाहून त्या आल्या होत्या. माखलेल्या अंगावरून एवढा अर्थ काढणारा डोळा किती जणांना असतो? लिंडाउअर यांनीं एकेका माशीला रंगाचा ठिपका लावून तासन् तास थव्याजवळ बसून नोंदी केल्या. आरंभीं अनेक दिशांचीं नृत्यें चालत; हळूहळू एकेक दिशा मागें पडे; आणि शेवटीं सर्व नाचणाऱ्या एकच दिशा दाखवूं लागल्या, कीं थोड्याच वेळांत थवा उडे.

त्यांचें काम पुढें अमेरिकेंतील टॉमस सीली यांनीं चालविलें. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ॲपलडोर नांवाचें एक बेट आहे. तेथें मोठीं झाडें नाहींत, म्हणून ढोल्याही नाहींत. माश्यांना संशोधकानें मांडलेल्या पेट्यांतूनच निवड करावी लागते. माशीला किती मोठें घर हवें? सुमारें ४० लिटरचें. म्हणजे तेलाच्या अडीच डब्यांएवढें. दार लहान हवें, तळाशीं हवें, आणि घर जमिनीपासून उंच हवें. पण अंधाऱ्या ढोलींत माशी आकारमान मापते तरी कशी? सीली यांनीं एक नळकांड्यासारखी पेटी केली, जिच्या भिंती माशी आंत चालत असतां फिरवितां येत. भिंत उलट दिशेनें फिरविली कीं तेवढ्याच जागेंत माशीला अधिक चालावें लागे, आणि तिला तें घर मोठें वाटे. म्हणजे माशी घर पावलांनीं मापते.

पुढें त्यांनीं पांच पेट्या मांडल्या: चार १५ लिटरच्या, एक ४० लिटरची. पांच थव्यांपैकीं चार थव्यांनीं मोठी पेटी निवडली. दहा हजारांच्या थव्यांत शोध करणाऱ्या माश्या असतात कांहींशें. आणि त्यांपैकीं एकीनेंही पांचही पेट्या पाहून तुलना केलेली नसते. मग निवड अचूक होते कशी?

येथें थोडें गणित करूं. चांगलें घर पाहून आलेली माशी जास्त वेळ नाचते. साधारण घर पाहून आलेली थोडा वेळ. नाच झाल्यावर ती पुन्हां घर पाहून येते व पुन्हां नाचते. पण प्रत्येक खेपेस तिच्या फेऱ्या सरासरी १५ नीं कमी होतात. समजा, उत्तम घरासाठीं एकीनें पहिल्या खेपेस ९० फेऱ्या घेतल्या. तर पुढें ७५, ६०, ४५, ३०, १५. बेरीज करा: ३१५. साधारण घरासाठीं दुसरीनें ३० नें आरंभ केला, तर ३० आणि १५ मिळून ४५. पहिल्या खेपेस तिप्पट असलेला फरक अखेरीस सातपट झाला! पहिलीचें नृत्य पाहून ज्या माश्या जातील, त्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवीत नाहींत. स्वतः ढोलींत शिरून पाहतात, आणि आपल्याला आवडेल त्या मानानें येऊन नाचतात. एकीची चूक यामुळें दहा जणींत पसरत नाहीं.

मला या साऱ्यांत सर्वांत नवल वाटतें तें माशीच्या गप्प होण्याचें. तिचा पक्ष हरला म्हणून कोणी तिला दटावून बसवीत नाहीं. ती आपण होऊन नाचणें थांबविते, मग तिचें घर जिंको वा हरो. आम्ही शिक्षकसभेंत एकच मुद्दा वर्षानुवर्षें मांडणारी माणसें! (सीली हे कॉर्नेल विद्यापीठांत आपल्या विभागाचे प्रमुख असतांना माश्यांकडून शिकलेल्या कांहीं रीती त्यांनीं प्राध्यापकांच्या सभेंतही वापरून पाहिल्या.) तरी माश्यांची सभा अगदींच सौम्य असते, असेंही नव्हे. दुसऱ्या घरासाठीं नाचणारीला डोक्याची टक्कर देऊन, बारीक आवाज करून तिला थांबविण्याची खूण शोधक माश्या करितात, हें सीली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलें.

सभा संपली हें ठरवितें कोण? कोणी मतें मोजीत नाहीं. एखाद्या ढोलीशीं एका वेळीं वीस-तीस शोधक माश्या जमलेल्या आढळल्या, कीं त्यांना निकाल लागल्याचें कळतें. त्या परत येऊन थव्यांतून बारीक शीळ घालीत धांवतात; थंड बसलेल्या माश्या उड्डाणाचे स्नायू थरथरवून आपलें अंग ३५ अंशांपर्यंत तापवितात; आणि पाहतां पाहतां सारा गोळा सुटून हवेंत भिरभिरूं लागतो. वाट ठाऊक असलेल्या माश्या शेंकडा पांचांच्या आसपास. त्या थव्याच्या वरच्या भागांतून वेगानें पुढें जाऊन दिशा दाखवितात.

ही व्यवस्था फसतही असते. लिंडाउअर यांनीं पाहिलेल्या एका थव्यांत दोन पक्ष समबल झाले. एकमत होण्यापूर्वींच थवा उठला, हवेंत दुभंगला, दोन्ही बाजू ओढाताण करूं लागल्या, आणि त्या गोंधळांत राणी हरवली. दुसऱ्या एका थव्याचें बरेच दिवस एकमत झालेंच नाहीं, तेव्हां त्यानें झुडपावर उघड्यावरच पोळें बांधावयास घेतलें. तेथील हिंवाळ्यांत अशा पोळ्याचें काय व्हावें, हें सांगावयास नको.

गेल्या वर्षीं आमच्या त्याच चिंचेवर पुन्हां थवा आला. या वेळीं मीं भोंवतीं सुतळी बांधविली, आणि इयत्ता नववीच्या मुलामुलींना वही-पेन्सिल देऊन व्हरांड्यांत बसविलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं चार निरनिराळ्या दिशांचीं नृत्यें नोंदविलीं, दुसऱ्या दिवशीं दोन. तिसऱ्या दिवशीं भूगोलाच्या तासाला बाहेर मोठा घोंघावा झाला. आम्ही सर्व धांवत आलों, तों फांदी रिकामी झाली होती व थवा वसतिगृहाच्या कौलांवरून नदीकडे चालला होता. एक मुलगा कुंपणापर्यंत पळाला. पण कोणती ढोल ठरली होती, तें त्यालाही कळलें नाहीं.