संगणकावर मराठी आणि शेतीचा हिशेब : पाच समज व त्यांची वस्तुस्थिती



सातबारा उतारा, पीक पाहणी, पीक विमा, बाजारभाव, बँकेचे व्यवहार अशी शेतीची बरीच कामे आता संगणकावर किंवा मोबाईलवर होतात. तरीही शेतकरी मेळाव्यात संगणकाचा विषय निघाला की काही ठराविक वाक्ये हमखास ऐकू येतात. त्यांतील काही निव्वळ गैरसमज आहेत, तर काहींत अर्धे तथ्य आहे. अर्धे तथ्य जास्त नुकसान करते. म्हणून असे पाच समज व त्यांमागील वस्तुस्थिती या पाठात पाहू.

समज १ : इंग्रजी येत नाही, म्हणून संगणक आपल्या कामाचा नाही

कळफलकावर इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, त्यामुळे हा समज होतो. ती अक्षरेही इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नसतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथील ख्रिस्तोफर शोल्स यांनी तयार केलेल्या टंकलेखन यंत्रावरून ही मांडणी आली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. जगाला त्या मांडणीची सवय झाली, यंत्र गेले आणि मांडणी राहिली.

मराठीसाठी मात्र आपल्या वर्णमालेला धरून केलेली 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी आहे. भारतीय भाषांसाठी ती शासनाने प्रमाण मानली आहे. तिची रचना समजून घेतली तर पाठांतर फारसे लागत नाही.

(अ) डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने.
(आ) अनेक जोड्या एकाच कळेवर आहेत. 'के' या कळेवर क, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबल्यास ख. 'एल' वर त आणि थ, 'आय' वर ग आणि घ, 'पी' वर ज आणि झ, 'वाय' वर ब आणि भ. जोराचा उच्चार तिथे शिफ्ट, एवढे ध्यानात ठेवावे.
(इ) अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबावीत. 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण दाबायची नंतर : क, वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेल्यांची इथेच चूक होते.
(ई) जोडाक्षरासाठी पाय मोडण्याची कळ 'डी' वर आहे. क, पाय मोडणे, ष असे दाबले की क्ष होतो.

एक अक्षर मुद्दाम शिकून घ्यावे, कारण ते आपल्याच नावात आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील ऱ्य साध्या र ने लिहिला तर 'शेतकर्यांना' असे चुकीचे उमटते. त्यासाठी शिफ्ट व 'जे' दाबून ऱ घ्यावा, मग पाय मोडावा, मग य लिहावा. य ची कळ तिरप्या रेघेच्या कळेवर आहे.

मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय अनेकांना सोपी वाटते. ती वापरण्यास हरकत नाही. मात्र इंग्रजी एका अक्षरात आपले न आणि ण, ल आणि ळ, अ आणि आ मिसळून जातात. 'मळ' लिहायला जावे तर 'माल' उमटतो. बोलून लिहिण्याची सोयही चांगली आहे, पण पंधरा आणि पंचवीस, मिली आणि ग्रॅम यांत गफलत झाली तर फवारणीची मात्रा बदलते. मजकूर पाठविण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावा.

समज २ : अक्षर पडद्यावर दिसले म्हणजे काम झाले

या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझे वडील पावसाची नोंद एका वहीत ठेवीत असत. पेरणीचा दिवस, पावसाचा खंड, पहिली कोळपणी, सर्व त्यात असे. महाविद्यालयात असताना मी ती वही गावाजवळच्या एका टंकलेखन केंद्रात बसून संगणकावर उतरवली. पुढे वहीला वाळवी लागली. मी निश्चिंत होतो, कारण फाईल माझ्याजवळ होती. काही वर्षांनी ती दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसला. आकडे वाचता येत होते, पण ते कशाचे हे सांगणारे शब्द गेले होते.

असे का झाले ? संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसविलेले असत. म्हणजे फाईलमध्ये क्रमांक इंग्रजी अक्षराचा, वर चेहरा मराठी अक्षराचा. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे चेहरा उतरतो आणि खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. आपल्या क चा क्रमांक २३२५ आहे आणि तो दुसऱ्या कोणत्याही अक्षराला नाही. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी मोबाईलवर, संगणकावर, बँकेत, कोठेही मराठीच दिसते आणि शोधताही येते.

आपली फाईल कशात आहे हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी : चार शब्द उचलून मोबाईलच्या संदेशात टाकून पाहावेत. मराठी दिसली तर युनिकोड. चिवडा दिसला तर जुना फॉन्ट. अशा फाईली परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घेता येतात. माझी फाईल तशी बहुतांश परत मिळाली, परंतु जोडाक्षरे ठिकठिकाणी तुटली होती आणि ती वडिलांना विचारून दुरुस्त करावी लागली. ते सांगायला होते म्हणून हे जमले. ज्यांच्या घरी अशा जुन्या फाईली आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

समज ३ : संगणकाचा हिशेब कधी चुकत नाही

संगणक बेरीज चुकत नाही हे खरे. पण बेरीज कशाची करायची हे त्याला आपण सांगतो. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी व उभे रकाने असलेली हिशेबाची वही. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' या नावाने ती घरगुती संगणकावर प्रथम आली. आज मोबाईलवरही ती विनामूल्य मिळते. उदाहरणादाखल एक एकर कांद्याचा खर्च पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपण आपले घालावेत.

बियाणे व रोपे – ९,००० रु.
मशागत – ६,००० रु.
लागवड मजुरी – १३,००० रु.
खते – ११,००० रु.
फवारणी – ८,००० रु.
निंदणी – ७,००० रु.
काढणी व भरणी – १८,००० रु.
एकूण – ७२,००० रु.

उत्पादन ८० क्विंटल धरले तर क्विंटलला ९०० रुपये खर्च आला.

आता समजा, लागवड मजुरीच्या चौकटीत नुसता आकडा न लिहिता आपण आकड्यापुढे 'रु.' असेही लिहिले. संगणक त्या चौकटीला आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरजेच्या सूत्रात ती वगळतो. तक्रार करीत नाही, सूचनाही देत नाही. एकूण खर्च ५९,००० रुपये दिसतो आणि क्विंटलला ७३७ रुपये ५० पैसे पडतात. बाजारात भाव ८५० रुपये आहे. तक्त्याप्रमाणे ९,००० रुपये नफा दिसतो, प्रत्यक्षात ४,००० रुपये तोटा असतो. माल चाळीत ठेवावा की विकावा हा निर्णय आपण अशा आकड्यावर घेतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) रकमेच्या चौकटीत फक्त अंक लिहावेत, तेही इंग्रजी पद्धतीचे. रुपये, किलो, क्विंटल हे शब्द रकान्याच्या मथळ्यात लिहावेत.
२) सहसा आकडा चौकटीच्या उजव्या कडेला जातो व मजकूर डाव्या कडेला. रकान्यात एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो तपासावा.
३) तारीख लिहिताना महिन्याचे नाव लिहावे. ०५/०६ म्हणजे आपल्या मते ५ जून, पण अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक ते ६ मे समजतो. फवारणी व काढणी यांमधील प्रतीक्षा काळ मोजताना हा फरक महिन्याचा होतो. निर्यातीच्या मालाला तो परवडणारा नाही.
४) पहिल्या वेळी एकूण बेरीज हाताने करून ताडून पाहावी.

समज ४ : मोबाईलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे

मोबाईल विहिरीत पडतो, पावसात भिजतो, चोरीला जातो. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही, तसेच नोंदींचे करावे. महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात, म्हणजे एक मोबाईलमध्ये आणि एक पेन ड्राइव्हवर. तिसरी प्रत घराबाहेर असावी, मग ती इंटरनेटवरील आपल्या खात्यात असो वा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असो. हंगाम संपला की खर्चाचा तक्ता छापून फाईलला लावावा. कागद उघडायला फॉन्ट लागत नाही. मात्र वाळवीपासून जपावे, हे मी अनुभवाने सांगतो.

समज ५ : संदेश आला म्हणजे तो खराच असणार

मोबाईलवर फिरत येणारा फवारणीचा सल्ला कोणी, कोणत्या पिकासाठी, कोणत्या भागासाठी दिला हे बहुधा त्यात नसते. औषधाच्या डब्यावरील लेबल व माहितीपत्रक वाचल्याशिवाय आणि कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी अधिकारी यांना विचारल्याशिवाय असा सल्ला शेतात उतरवू नये.

पैशांच्या बाबतीत तीन नियम घरातील सर्वांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना, समजावून द्यावेत. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, समोरचा बँकेचे किंवा योजनेचे नाव घेत असला तरी. योजनेच्या नावाने संदेशातून आलेली एपीके फाईल उघडू नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

सरावासाठी

१) संगणकाच्या किंवा मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी. विंडोज संगणकावर विंडोजची कळ व स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.
२) रोज पंधरा मिनिटे इन्स्क्रिप्टवर सराव करावा. सुरुवात तूर, खत, पीक, कांदा अशा शब्दांनी करावी. मग 'शेतकऱ्यांना' लिहून पाहावा.
३) मागील हंगामातील एका पिकाचा खर्च वरीलप्रमाणे तक्त्यात भरावा. क्विंटलमागे खर्च काढावा आणि मिळालेल्या भावाशी ताडून पाहावा.
४) त्या फाईलच्या तीन प्रती कराव्यात.

घरातील शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींची मदत जरूर घ्यावी, परंतु आकडे स्वतः भरावेत. कोणत्या वावरात काय खर्च झाला हे त्यांना ठाऊक नसते, ते आपल्यालाच ठाऊक असते. आणि घरात कोणी जुनी वही जपून ठेवली असेल, तर येत्या उन्हाळ्यात, ते माणूस शेजारी बसून सांगू शकते तोवर, ती उतरवून घ्यावी.