मखमल, बनात आणि घोंगडी

मखमलीवरून हात फिरविला, तर तिची लव एका बाजूस मऊ लागते व उलट बाजूस किंचित अडते. ही लव चिकटविलेली नसते. विणताना नेहमीच्या ताण्याबरोबर दुसरा ताणा लावतात, त्याचे फास कापडावर उभे ठेवतात व मग ते पात्याने कापतात. लव लांब ठेवली, म्हणजे त्या कापडास प्लश म्हणतात. इंग्लंडातील बॅनबरी गाव या कापडासाठी नावाजलेले होते.

बनात निराळी. ती लोकरीची, विणल्यावर पाण्यात कुटून आटविलेली, मग काटेरी बोंडांनी लव वर काढून कातरलेली. मराठीत तिला सकलाद असेही म्हणत. १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या देशात विकावयाची होती ती मुख्यतः हीच. कोकणात राजापुरास १६४९ साली तिची वखार झाली. पण उन्हाच्या मुलखात एवढे ऊबदार कापड अंगावर घालणार कोण? हत्तीची झूल, पालखीचे आच्छादन, खोगीर, तंबू यांसाठी ते खपे. गिऱ्हाईक दरबारातले, तेही थोडे. उलट येथील सुती कापडास इंग्लंडात इतकी मागणी, की त्यासाठी कंपनीला चांदी मोजावी लागे. तेथील विणकरांनी ओरड केली. तेव्हा पार्लमेंटने १७०० व १७२१ साली कायदे करून छापील सुती कापडावर बंदी घातली. आपला माल खपेना आणि परका आवरेना, अशी ही गंमत!

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मुंबईकर इंग्रजांनी घाईने कॅप्टन गॉर्डन यास शाहूमहाराजांकडे सातारा प्रांती धाडले. महाराज त्या वर्षी मिरजेच्या मोहिमेवर होते. त्याच वर्षी कॅप्टन इंचबर्ड याने पेशव्यांशी तह करून मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळविली. पुढे एकोणिसाव्या शतकात या वाटेने यंत्रावर विणलेले स्वस्त सुती कापड आले आणि गावोगावचे माग थंडावले.

माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत धनगर मेंढ्या राखीत व सणगर त्यांच्या लोकरीची घोंगडी विणीत. सुताला चिंचोक्याची खळ देत, त्यामुळे वीण दाट बसे. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची, घोंगडी सर्वांत मऊ. पावसात पांघरावी, थंडीत अंथरावी, बाजारात धान्य ओतण्यासही पसरावी. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि तेथील दरबारी झुलींचे दिवस सरले. म्हसवडच्या मागांवर घोंगडी अजूनही विणली जाते.