सोलरची सबसिडी : पैसा कोणाचा, खिशातून किती

छतावर सोलर बसवायचा विचार सुरू झाला की घरात पहिला प्रश्न येतो, "महावितरण किती पैसे देतं?" खरं तर महावितरण आपल्या पदरचं काहीच देत नाही. बँक खात्यात जमा होणारी सबसिडी केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातली असते, म्हणजे तुमच्याआमच्या करांतली. मुंबईत बेस्टचा ग्राहक असो की टाटा-अदाणीचा, रक्कम तीच मिळते. अर्ज तपासणं, नेट मीटर बसवणं आणि यंत्रणा पाहून दाखला देणं, एवढं काम वीज कंपनीचं.

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांवर सोलर बसवायचं आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये खर्चायचे, असं ठरलं. त्यातले ४,९५० कोटी वीज कंपन्यांसाठी प्रोत्साहन म्हणून वेगळे ठेवले आहेत; ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त सोलर जोडणाऱ्या कंपनीला त्यातून वाटा मिळतो. याला कारण आहे. दरमहा चारशे-पाचशे युनिट वापरणारं घर हे वीज कंपनीचं कमाईचं गिऱ्हाईक. चढ्या दराने ते जे पैसे भरतं, त्यातून शेतीपंपाची आणि छोट्या घरांची वीज काही प्रमाणात स्वस्त ठेवता येते. असं घर सोलरवर गेलं की तो महसूल आटतो. तारा, खांब आणि रोहित्रं मात्र सांभाळावीच लागतात. हा खर्च कंपनी वीज नियामक आयोगापुढे मांडते, आणि आयोग जेवढा मान्य करतो तेवढा सगळ्या ग्राहकांच्या दरात येतो. ज्याला स्वतःचं छत नाही, अशा चाळीतल्या भाडेकरूच्या बिलातही तो येतो. म्हणून सबसिडी घेताना गरजेपुरतीच यंत्रणा घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

सगळीकडे अशीच पद्धत आहे असं नाही. कॅलिफोर्नियाने २००६ च्या कायद्याने तिथल्या नगरपालिकांच्या आणि इतर सार्वजनिक वीज कंपन्यांना स्वतःच सोलर सवलत द्यायला लावली. त्यासाठी ७८ कोटी ४० लाख डॉलर ठेवले आणि ते वीजबिलावरच्या अधिभारातून वसूल करायचे ठरवले. तिथे शेजाऱ्याच्या पॅनेलसाठी आपण किती भरतो ते तेव्हा बिलावरच्या अधिभारात येई. आपल्याकडे तोच भार करात आणि वीजदरात विरघळलेला आहे.

आता खिशाकडे येऊ. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे एकाला तीस हजार, दोनला साठ, तीनला अठ्ठ्याहत्तर. पुढे पाच घ्या नाहीतर दहा, ७८,००० च्या वर दमडी नाही. हे आकडे काढताना केंद्राने पहिल्या दोन किलोवॅटचा खर्च किलोवॅटमागे पन्नास हजार धरला आणि त्याचे साठ टक्के द्यायचे ठरवले. तुमच्या हातातलं कोटेशन याहून चढं असेल तर वरचा सगळा फरक तुमचा, कारण कोटेशन वाढलं म्हणून सबसिडी वाढत नाही. सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलची पॅनेलंच लागतात आणि ती आयात मालापेक्षा महाग पडतात. उंच स्ट्रक्चर हवं असेल, खाली कपडे वाळत घालायला किंवा पापड-कुरडया करायला जागा ठेवायची असेल, तर लोखंडाचे पैसे वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. त्याआधीचं कोटेशन असेल तर नवं मागून घ्या.

फायदा किती, हे बिलावरच्या टप्प्यांवरून कळतं. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांत पहिल्या शंभर युनिटना वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे पडत होते आणि १०१ ते ३०० युनिटना ११ रुपये ४६ पैसे. महिना अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराचं बिल १२८ रुपये स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून २,८२५ रुपयांच्या आसपास जाई. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं. दोन किलोवॅटने महिन्याला २४० युनिट मिळाले तर बिल सव्वादोनशेच्या आत येतं. बचत झाली २,६०० ची. एक लाखाची यंत्रणा साठ हजार सबसिडी जाऊन चाळीस हजारांना पडली, तर हिशेब दीड वर्षात फिटतो. दीड लाखाला घेतली तर तीन वर्षं लागतात. पावसाळ्यात उत्पादन घटतं, तेव्हा थोडं पुढेच धरा. दर पुढे बदलत राहतात, पण सोलर सर्वांत महाग टप्प्याचे युनिट आधी कापतं, हे सूत्र टिकतं.

नव्वद युनिट वापरणाऱ्या घराचं गणित वेगळं. त्याच दरांनी त्याची बचत महिन्याला सहाशेच्या थोडी वर जाते. अशा घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटमागे केंद्राचे तीस हजार आणि राज्याचे १७,५०० मिळतात. पन्नास हजारांच्या यंत्रणेत त्याच्या वाट्याला अडीच हजार येतात. शंभर युनिटच्या आतल्या सर्वसाधारण ग्राहकाला राज्याकडून दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला पंधरा हजार. सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. घरकाम करणाऱ्या ताईंना, वॉचमन काकांना ही योजना तुम्ही स्वतः सांगा.

अडचण येते ती रोखीची. यंत्रणा बसवणाऱ्याला पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात आणि सबसिडी मीटर लागून तपासणी झाल्यावर मागाहून येते. तोवर हात अडकू नये म्हणून सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज देतात. व्याज रेपो दराला जोडलेलं, सहा-सात टक्क्यांच्या घरातलं. पंधरा-सोळा टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाला हात लावू नका. सबसिडी थेट तुमच्याच खात्यात येते, त्यामुळे "मंजूर करून देतो, थोडे आधी द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला पुरवठादारच घ्या. पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे, ती करारात लिहून घ्या.

अर्जाआधी बिलावरचं नाव पाहा. गावाकडे मीटर आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, असं हमखास असतं आणि अर्ज तिथेच अडतो. आधी नाव बदलून घ्या. सोसायटीत गच्ची सामाईक असते, तेव्हा ठराव लागतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये वेगळे मिळतात. किलोवॅटमागे शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. शेजारच्या टाकीची किंवा नारळाची सावली दुपारी कुठे पडते, ते एक दिवस उभं राहून बघा. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा अहवाल आता लागत नाही, आणि पाच किलोवॅटपर्यंत लाईन मजबूत करायची असेल तर तो खर्च वीज कंपनीने करायचा, असं २०२४ च्या केंद्रीय नियमात आहे. कोणी केबलचे किंवा रोहित्राचे पैसे मागितले तर हा नियम दाखवा आणि मागणी लेखी घ्या.

जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्यांचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने होतो आणि खाते पुन्हा शून्यावर येते. विकून कमाई करायच्या आशेने मोठी यंत्रणा घेऊ नका. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट मांडा, सरासरी काढा आणि तिला १२० ने भागा. येईल तेवढे किलोवॅट पुरे.

आणि एक गोष्ट पुरवठादार सहसा आपणहून सांगत नाही. साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनात पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरी लागेल, आणि बॅटरीला यात सबसिडी नाही.