मांडी थरथरायला लागली की

अगं, डिझर्टेशनला मांडीच्या स्नायूंचा थकवा घेतलास, फार बरं वाटलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना उतरताना कठडा घट्ट धरणारे पेशंट आपण दोघींनी पाहिलेत. त्यांच्या मांडीत नेमकं काय कमी पडतं, हे कुणीतरी नीट मोजायलाच हवं. म्हणून ईएमजीचं मशीन सुरू करण्याआधी माझं थोडं ऐकून घे.

ईएमजी थकवा मोजत नाही, हे आधी मनात पक्कं कर. कातडीवरचे इलेक्ट्रोड स्नायूतल्या विजेची हालचाल तेवढी टिपतात. थकवा म्हणजे जोर लावायची क्षमता घटणं, आणि ती कळायला जोरच मोजावा लागतो. सब्जेक्टला खुर्चीत बसव, गुडघा 90 अंशात ठेव, घोट्याजवळ पट्टा बांध आणि पूर्ण ताकदीनं पाय सरळ करायला सांग. व्यायामाच्या आधीचा आणि नंतरचा तो आकडा नसेल, तर बाकीच्या सुंदर आलेखांवरून काहीच ठरवता येणार नाही.

आता जिथे भले भले फसतात ते सांगते. समज, सब्जेक्ट स्वतःच्या कमाल ताकदीच्या 50 टक्क्यांवर पाय ताणून बसली आहे, जोराची रेघ सरळ चालली आहे, आणि ईएमजीची उंची मात्र वाढतच जाते. बघणाऱ्याला वाटतं, स्नायू जोमात आला. खरं तर तो दमत असतो. पालखीचे भोई थकले की नवे खांदे लागतात आणि पालखी त्याच उंचीवर राहते, तसं आहे हे. आधीचे तंतू कमी पडू लागले की मज्जासंस्था राखीव मोटर युनिट कामाला लावते. त्याच वेळी दमलेल्या तंतूंवरून विजेची लाट सावकाश धावते, म्हणून मीडियन फ्रिक्वेन्सी खाली येते. उंची वर आणि फ्रिक्वेन्सी खाली, ही जोडी शोध. पण प्रयत्नच शंभर टक्क्यांचा असेल, तर राखीव काही उरलेलं नसतं. तिथे उंचीही घसरते. तेव्हा प्रोटोकॉल कोणता, हे आधी ठरव आणि मगच आलेखाचा अर्थ लाव.

दमणूक स्नायूत की मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेत, हा जुना वाद आहे. 1954 साली लंडनमध्ये मर्टन यांनी अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूवर प्रयोग केले. दमलेला माणूस पूर्ण जोर लावत असताना त्याच्या नसेला विजेचा झटका दिला, तरी जोर वाढला नाही. म्हणून दोष स्नायूत, असं त्यांनी मांडलं. पुढे चित्र गुंतागुंतीचं झालं. 2001 मधल्या गांडेव्हिया यांच्या मोठ्या आढाव्यात मेंदू आणि मज्जारज्जू यांचा वाटा सविस्तर आला आहे, तो वाच. मांडीसाठी हाच झटका फीमोरल नर्व्हला देतात. तुमच्या डिपार्टमेंटला ती सोय नसेल, तर निष्कर्षात ‘सेंट्रल फटीग’ लिहू नकोस. गाईडनं आग्रह धरला तरी नको. जे मोजलंच नाही ते सांगायचा आपल्याला हक्क नाही.

वेळेचं भान ठेव. व्यायाम थांबल्यावर एक-दोन मिनिटांतच बरंच भरून येतं. व्यायाम सायकलवर घेतलास आणि तिच्यावरून उतरून मोजणीच्या खुर्चीपर्यंत येण्यात एकीला अर्धं मिनिट आणि दुसरीला तीन लागली, तर तुलना तिथेच संपली.

व्हास्टस लॅटरॅलिसचे, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या स्नायूचे, इलेक्ट्रोड एएसआयएसपासून, म्हणजे कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून, गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंतच्या रेषेवर, दोन तृतीयांश अंतरावर लाव. दोन इलेक्ट्रोडमध्ये 20 मिलिमीटर. जागेची पेनानं खूण कर, म्हणजे पुढच्या भेटीत तीच जागा सापडेल. चार्जर, टेबलफॅन लांब ठेव. 50 हर्ट्झची गुणगुण नॉच फिल्टरनं कापायचा मोह होतो, पण मांडीचा खरा सिग्नलही त्याच पट्ट्यात असतो. मुळातली गडबड शोध.

कातडीखालची चरबी सिग्नल दाबते, म्हणून दोघींचे कच्चे आकडे शेजारी मांडू नकोस. प्रत्येकीचा आकडा तिच्याच कमाल प्रयत्नाच्या टक्क्यांत लिही.

आणि ती सब्जेक्ट म्हणजे कुणाची तरी लेक, आई आहे गं. मांडी उघडी करायची, केस काढायचे, तर पडदा हवा, सोबत बाई हवी, आणि हे सगळं संमती घेतानाच सांगितलेलं हवं. ‘अजून जोर, अजून!’ हे शब्दही सगळ्यांना सारखेच म्हण, कारण उत्तेजनानं आकडा बदलतो. झाल्यावर लगेच उठवू नकोस, गुडघा लटपटतो. पुढचे दोन-तीन दिवस मांडी दुखू शकते, हे तिला आधीच सांगून ठेव, आणि दुसरी टेस्ट ते दुखणं पूर्ण थांबल्याशिवाय घेऊ नकोस.