अक्षरांमागची सावली : छपाईत नुकसान होऊ नये म्हणून

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातील बाजाराचे गाव. अशा गावात डीटीपीचा धंदा करणाऱ्याची अडचण शहरातल्या कारागिरापेक्षा वेगळी असते. पान येथे जुळते, पण रंगीत ऑफसेट छपाई बहुधा बाहेरगावी होते. त्यामुळे चूक दिसते ती पार्सल उघडल्यावर. निकाहाची तारीख त्यासाठी थांबत नाही, आणि फेरछपाईचा खर्च पान जुळवणाऱ्याच्याच अंगावर येतो.

अशा चुकांत एक नेहमीची बाब म्हणजे अक्षरांमागे किंवा फोटोमागे टाकलेली सावली. गिऱ्हाईकाला ती आवडते. पडद्यावर ती सुंदरही दिसते. परंतु कागदावर सावली म्हणजे शाईच असते, ही गोष्ट कारागिराने विसरता कामा नये.

पेजमेकरच्या काळात मऊ कडेची सावली त्या प्रोग्राममध्ये मिळत नसे. अक्षरांची राखाडी प्रत मागे सरकवून ठेवावी लागे किंवा फोटोशॉपमध्ये चित्र करून आणावे लागे. इनडिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीत २००२ मध्ये आणि क्वार्क एक्सप्रेसच्या सातव्या आवृत्तीत २००६ मध्ये ही सोय आली. काम सोपे झाले, तशी चूकही सोपी झाली. पुढील सूचना इनडिझाइनच्या आहेत. तत्त्व मात्र सर्वत्र तेच आहे.

सावलीचे माप

'ऑब्जेक्ट' मेनूत 'इफेक्ट्स' व त्यात 'ड्रॉप शॅडो' आहे. तेथे आधीपासून ठरलेली मापे अशी : गडदपणा ७५ टक्के, आडवे व उभे सरकणे प्रत्येकी सुमारे २.५ मिलिमीटर. आता हिशेब करा. १२ पॉइंटाचे अक्षर म्हणजे जेमतेम ४.२ मिलिमीटर. त्याची सावली अडीच मिलिमीटर सरकली तर ती थेट शेजारच्या अक्षरावर किंवा खालच्या ओळीवर पडणार. ही मापे मोठ्या मथळ्याला चालतील, पत्रिकेच्या मजकुराला नाहीत.

लहान मथळ्यासाठी अर्धा मिलिमीटर सरकणे, पाऊण मिलिमीटर मऊपणा आणि ३५ ते ४० टक्के गडदपणा येथून सुरुवात करावी. बिनचकाकीचा कागद शाई शोषतो व ठिपका पसरतो, म्हणून त्यावर आणखी हलके ठेवावे. 'मल्टिप्लाय' हा पर्याय बदलू नये. 'नॉर्मल' केल्यास सावलीखालचा मूळ रंग फिका पडतो आणि सावली मळकट दिसते.

नावाला सावली नको

वधू-वरांची नावे उर्दूत असतील तर विशेष जपावे. शब्दाच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या 'नून'वर एक नुक्ता असतो, 'ते'वर दोन. एका नुक्त्याशेजारी त्याची गडद सावली पडली की वाचणाऱ्याला दोन दिसू शकतात. मराठीतही अनुस्वार, रफार आणि 'ध', 'भ' यांच्या पोटातील मोकळी जागा सावलीने भरते. पत्रिकेत नाव चुकीचे वाचले जाणे ही लहान चूक नव्हे. म्हणून सावली मथळ्याला द्यावी. नाव, तारीख व पत्ता स्वच्छ ठेवावा.

अक्षरांना सावली दिली आणि ती चौकटीलाच आली, अशी तक्रार नवशिके करतात. कारण साधे आहे. मजकुराच्या चौकटीत रंग भरलेला असेल, मग तो पांढरा का असेना, तर सावली चौकटीची पडते. भरलेला रंग 'नन' केला की ती अक्षरांची पडते. रंग ठेवायचाच असेल तर 'इफेक्ट्स'मध्ये 'टेक्स्ट' निवडून सावली द्यावी.

सोनेरी रंगाचा फास

पत्रिकेत सोनेरी ही पाचवी, वेगळी शाई असेल आणि तिच्यावर सावली पडत असेल, तर काही वेळा सावलीभोवती पांढरा चौकोन दिसतो. काळ्या शाईने खालच्या सोनेरीवर चढायचे असते. छापणारी यंत्रणा ही 'ओव्हरप्रिंट'ची सूचना पाळत नसेल तर खालची शाई तेवढ्या भागात कापली जाते. 'व्ह्यू' मेनूतील 'ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू' लावून पाहावे. सोनेरी वेगळी छापायचीच नसेल तर तो रंग चार रंगांत बदलून घ्यावा. सोनेरी फॉइल मारायचे असेल तर त्या अक्षरांना मऊ सावली देऊच नये. फॉइल एक तर लागते किंवा लागत नाही, ते फिके होत नाही.

प्रेसला पाठवताना

मजकूर नेहमी सर्वांत वरच्या थरात ठेवावा. सावली वर व अक्षर खाली असेल, तर पारदर्शकता सपाट करताना अक्षराचा काही भाग चित्रात बदलतो आणि ओळीतली अक्षरे कमीजास्त जाड छापतात. 'एडिट' मेनूतील 'ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस' ऑफसेटसाठी 'सीएमवायके' असावा.

प्रेसला आधी विचारावे की पीडीएफ कोणती हवी. 'एक्स-१ए' प्रकारात पारदर्शकता सपाट होऊनच जाते. 'एक्स-४' मध्ये ती जिवंत राहते व प्रेसकडे सपाट होते. जुन्या यंत्रणेला पहिली, नव्या यंत्रणेला दुसरी सोयीची. सपाट केलेल्या पीडीएफमध्ये बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या तर घाबरू नये. पान मोठे करून पाहावे. पान मोठे होऊनही रेषा तेवढीच बारीक राहिली तर ती बहुधा पडद्यापुरती असते. रेषाही जाड झाली तर ती छापणार असे समजावे.

स्क्रीन प्रिंटिंगला मऊ सावली बारीक ठिपक्यांत फोडावी लागते, आणि ते ठिपके जाळीत टिकणे कठीण. तेथे अक्षराची दुसरी प्रत किंचित सरकवून फिक्या शाईत सपाट छापावी. हा पेजमेकरच्या काळातलाच उपाय आहे, पण आजही भरवशाचा आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गिऱ्हाईकाला पडद्यावर किंवा मोबाईलवर पान दाखवून मंजुरी घेऊ नये. खऱ्या मापात, शक्य तर त्याच कागदावर प्रत काढावी, ती घरातील वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्यावी आणि त्यावर सही घ्यावी. त्यांना नाव वाचताना डोळे बारीक करावे लागले तर सावली काढून टाकावी. एका प्रतीचा खर्च थोडा असतो. शंभर पत्रिका वाया गेल्या की पैसा जातो आणि गिऱ्हाईकही जाते.