शासकीय माहितीचे सामायिक दार : एपीआय व्यवस्थापन आणि वापरकर्त्यांचे अनुभव

28 एप्रिल 2021 रोजी दुपारी 4 वाजता 18 ते 44 वर्षे वयोगटासाठी कोविड प्रतिबंधक लसीकरणाची नोंदणी ‘को-विन’ प्रणालीवर सुरू झाली. सुरुवातीच्या गर्दीत अनेकांच्या भ्रमणध्वनीवर ओटीपी येईना, संकेतस्थळ उघडेना. तरीही दिवस संपेपर्यंत एक कोटीहून अधिक नागरिकांनी नोंदणी केली. मात्र नोंदणी झाली म्हणजे लस मिळाली असे नव्हते. केंद्र, दिवस आणि वेळ निवडून जागा निश्चित करावी लागे आणि मोकळ्या जागा दिसताक्षणी संपत. त्याच सुमारास को-विनमधील माहिती इतर संगणक प्रणालींना पुरवणारे काही एपीआय ‘एपीआय सेतू’ या शासकीय मंचावर खुले करण्यात आले. देशभरातील प्रोग्रामरनी त्यांच्या आधारे जागा मोकळी होताच संदेश पाठवणाऱ्या सेवा उभ्या केल्या. संगणकशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसा न ऐकलेला हा शब्द त्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला.

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ई-शासनाचे उपयोग, प्रारूपे, यश, मर्यादा आणि क्षमता हा घटक समाविष्ट आहे. त्यातील ‘मर्यादा’ या शब्दावर विद्यार्थी सहसा इंटरनेटची अनुपलब्धता आणि डिजिटल दरी एवढेच लिहितात. प्रत्यक्षात, एखाद्या शासकीय माहितीच्या दारावर कोणी, किती वेळा आणि कोणत्या अटीवर यावे हे ठरवणे हाच एक धोरणात्मक निर्णय असतो. तो तांत्रिक भाषेत लिहिलेला असल्याने नजरेतून सुटतो, एवढेच.

एपीआय म्हणजे काय?

एपीआय म्हणजे ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस. एका संगणक प्रणालीने दुसरीकडे माहिती किंवा सेवा कशी मागावी आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळावे, याचा ठरलेला करार असे त्याचे वर्णन करता येईल. तहसील कार्यालयातील खिडकी डोळ्यांसमोर आणावी. अर्जदाराला अभिलेख कक्षात प्रवेश नसतो. विहित नमुन्यात अर्ज दिला की आतील कर्मचारी दप्तर शोधून नक्कल बाहेर देतो. एपीआय ही अशीच खिडकी आहे. फरक इतकाच की तिच्या दोन्ही बाजूंस माणसे नसून आज्ञावली असतात, आणि अर्ज एका सेकंदात हजारोंच्या संख्येने येऊ शकतात.

अशा अनेक खिडक्यांचा कारभार एका ठिकाणाहून पाहण्यासाठी एपीआय व्यवस्थापन मंच लागतो. विचारणा करणाऱ्याची ओळख पटवणे, त्याला वापराची किल्ली देणे, ठरावीक काळात किती विचारणा स्वीकाराव्यात याची मर्यादा घालणे, प्रत्येक विचारणेची नोंद ठेवणे आणि नव्या प्रोग्रामरसाठी दस्तऐवज व चाचणीची जागा उपलब्ध करून देणे ही त्याची कामे होत. या चाचणीच्या जागेस ‘सँडबॉक्स’ म्हणतात. तेथे खऱ्या नागरिकांची माहिती नसते, त्यामुळे चुका करत शिकता येते. मंच क्लाउडवर असला म्हणजे गर्दीच्या वेळी संगणकीय क्षमता वाढवता येते, प्रत्येक विभागाला स्वतंत्र सर्व्हर विकत घ्यावे लागत नाहीत. येथे एक गैरसमज संभवतो. क्लाउडमुळे खिडकी रुंद होते. खिडकीमागील मूळ नोंदींची प्रणाली जुनी वा संथ असेल तर ती आपोआप वेगवान होत नाही.

धोरण आणि मंच

केंद्र सरकारने 2015 मध्ये खुल्या एपीआयविषयीचे धोरण जाहीर केले. एका विभागाकडील माहिती दुसऱ्या विभागाच्या आणि जनतेच्या प्रणालींना परस्पर वापरता यावी, शक्य तेथे ती विनामूल्य असावी, असा त्याचा आशय आहे. त्यातील एक तरतूद परीक्षार्थींनी आवर्जून ध्यानात ठेवावी. एपीआयची नवी आवृत्ती आधीच्या किमान दोन आवृत्त्यांशी सुसंगत असली पाहिजे, असे हे धोरण सांगते. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या अटीमागे वापरकर्त्यांचा मोठा त्रास दडलेला आहे. उत्तरातील एखाद्या रकान्याचे नाव पूर्वसूचनेविना बदलले, तर त्यावर विसंबून असलेली सेवा रातोरात बंद पडते, आणि नागरिक दोष देतो तो समोरच्या ॲपला.

या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय ई-शासन विभागामार्फत एपीआय सेतू हा मंच चालवला जातो. येथे ‘खुला’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे ठेवावेत. खुली माहिती म्हणजे कोणालाही उतरवून घेता येणारे माहितीसंच. मुक्त स्रोत म्हणजे पाहता व बदलता येणारी मूळ आज्ञावली. आणि खुला एपीआय म्हणजे प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार मागणी करता येणारी खिडकी. खिडकी खुली असली तरी अटी असतातच.

को-विनचा अनुभव

को-विनवरील एपीआय दोन प्रकारचे होते. लसीकरण केंद्रे आणि तेथील उपलब्ध जागा सांगणारे एपीआय सार्वजनिक होते. लाभार्थ्याची नोंदणी आणि वेळनिश्चिती करणारे संरक्षित. सार्वजनिक एपीआयला पिनकोड अथवा जिल्ह्याचा क्रमांक व तारीख दिली की यादी मिळे. पुणे जिल्ह्याचा क्रमांक 363 होता. एवढी माहिती दर काही सेकंदांनी मागवणारी छोटी आज्ञावली लिहिणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे होते, आणि अनेकांनी ती लिहिली. त्यांपैकी बहुतेकांनी ती परोपकारबुद्धीने, विनामूल्य चालवली. हजारो कुटुंबांना आपल्या पिनकोडमधील जागेची पहिली खबर अशा संदेशांतूनच मिळाली.

परंतु हजारो आज्ञावली एकाच वेळी तोच प्रश्न अखंड विचारू लागल्यावर मूळ प्रणालीवर भार येणार, हे उघड होते. मे 2021 च्या पहिल्या आठवड्यात दोन बदल जाहीर झाले. एका इंटरनेट पत्त्यावरून 5 मिनिटांत 100 पर्यंतच विचारणा स्वीकारल्या जातील, हा पहिला. दुसरा असा की, सार्वजनिक एपीआयवरील माहिती साठवलेल्या प्रतीतून दिली जाईल आणि ती 30 मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल. भारताबाहेरील सर्व्हरवरून येणारी विचारणा नाकारली जाऊ लागल्याचाही अनेक प्रोग्रामरचा अनुभव होता. स्वस्तात भाड्याने घेतलेले त्यांचे क्लाउड सर्व्हर परदेशात होते.

यातील गणित पाहण्यासारखे आहे. 5 मिनिटांत 100 म्हणजे दर 3 सेकंदांस एक विचारणा. एखाद्या जिल्ह्यासाठी ही मर्यादा पुरेशी आहे. पण उत्तर 30 मिनिटे जुने असेल, तर तेवढ्या वेळात 600 वेळा विचारूनही तेच उत्तर मिळू शकते. आणि त्या काळी शहरांतील जागा मिनिटाच्या आतच संपत होत्या. म्हणजे सूचना देणाऱ्या सेवा बंद करण्याची गरजच उरली नाही, त्यांची उपयुक्तता आपोआप संपुष्टात आली. अधिकृत संकेतस्थळावर ताटकळत बसणाऱ्याचे पारडे त्यामुळे काहीसे जड झाले.

हा निर्णय योग्य होता काय? प्रणाली कोसळू न देणे ही पहिली जबाबदारी होती आणि साठवलेली प्रत हा त्यावरील सर्वमान्य उपाय आहे. शिवाय ज्याच्या घरी संगणक व आज्ञावली लिहिणारा मुलगा आहे त्याने रांगेत पुढे जावे, हे सार्वजनिक लसीकरणात समर्थनीय नाही. तथापि मर्यादा आधी प्रसिद्ध करून दार उघडले असते, तर प्रोग्रामरनी त्या हिशेबाने आपली सेवा बांधली असती. दार उघडल्यावर आठवड्याभरात अटी बदलल्याने झालेली चिडचिड टाळता येण्यासारखी होती. मूळ टंचाई लसमात्रांची होती, ही बाब वेगळीच. कोणताही एपीआय एक मात्राही वाढवू शकत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 31 मे 2021 चा आदेश मुळातून वाचावा. केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबल्यास समाजातील मोठा वर्ग वंचित राहील, ही चिंता न्यायालयाने व्यक्त केली. दृष्टिबाधित व्यक्तींच्या अडचणी तर त्यात नेमकेपणाने नोंदवल्या आहेत : कॅप्चासाठी ध्वनीचा पर्याय नाही, केंद्रे निवडण्याच्या गाळण्या त्यांना वापरता येतील अशा रचलेल्या नाहीत. कॅप्चा हे यंत्राला अडवण्याचे साधन. त्याने अडवला गेला माणूसही. शासनाने 24 मे रोजी शासकीय केंद्रांवर या वयोगटास थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा दिली होती, जूनमध्ये मराठीसह अन्य भारतीय भाषा संकेतस्थळावर आल्या आणि 21 जून 2021 पासूनच्या सुधारित धोरणात थेट नोंदणीची सोय सर्वत्र झाली.

वस्तू व सेवा कराची वेगळी वाट

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा करदात्याच्या लेखा-सॉफ्टवेअरला थेट दार न उघडता ‘जीएसटी सुविधा पुरवठादार’ ही मध्यस्थ यंत्रणा नेमण्यात आली. ई-बीजकाची योजना तर टप्प्याटप्प्याने आली. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ती बंधनकारक झाली आणि ही मर्यादा उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी रुपयांवर आली. आधी मोठ्या कंपन्या, ज्यांच्याकडे स्वतःचे संगणक विभाग होते. त्यांच्या अडचणींतून प्रणाली स्थिरावली, मग छोटे व्यापारी. को-विनला असा तीन वर्षांचा अवधी नव्हता, हे तुलना करताना विसरू नये.

यूपीआय : शिस्त मोडणारे कोण?

भार वाढवणारे नेहमी हौशी प्रोग्रामरच असतात, असे समजण्याचे कारण नाही. 12 एप्रिल 2025 रोजी देशभरातील यूपीआय सेवा काही तास विस्कळीत झाली. यूपीआय चालवणाऱ्या भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने कारणमीमांसा केली, तेव्हा ‘व्यवहाराची स्थिती काय’ असे विचारणाऱ्या एपीआयवर आलेला विचारणांचा पूर हे कारण पुढे आले. विचारणारे होते बँकांचे सर्व्हर. काही बँका जुन्या व्यवहारांचीही स्थिती पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

येथील दुष्टचक्र समजून घेण्याजोगे आहे. उत्तर उशिरा आले की विचारणारी आज्ञावली पुन्हा विचारते. त्यामुळे भार वाढतो. भारामुळे उत्तर आणखी उशिरा येते. किराणा दुकानात पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला पोहोचले नाहीत, अशा वेळी ग्राहकही दर मिनिटाला शिल्लक तपासतो आणि नकळत याच चक्राला हातभार लावतो. 1 ऑगस्ट 2025 पासून महामंडळाने मर्यादा लागू केल्या. एका ॲपवरून दिवसाला 50 वेळाच शिल्लक तपासता येईल; भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी 25 वेळा पाहता येईल; स्वयंचलित हप्त्यांचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून होतील. त्याच ऑगस्ट महिन्यात यूपीआयच्या व्यवहारांनी प्रथमच 2000 कोटींचा टप्पा ओलांडला. 50 ही संख्या सामान्य ग्राहकास कधी आड येणार नाही. दिवसभर फिरत्या गाड्यावर विक्री करणारा, प्रत्येक देयकानंतर शिल्लक पाहून खात्री करणारा विक्रेता मात्र तिला पोहोचू शकतो. अशा विक्रेत्यासाठी व्यवहारानंतर शिल्लक आपोआप दाखवण्याची सूचना बँकांना देण्यात आली, ती याच कारणाने महत्त्वाची ठरते.

किती सांगावे?

किती वेळा उत्तर द्यावे याइतकाच, उत्तरात किती सांगावे हा प्रश्न मोलाचा आहे. सप्टेंबर 2021 मध्ये को-विनने लसीकरणाची स्थिती पडताळणारा एक एपीआय उपलब्ध केला. विमान कंपनी किंवा कार्यालय एखाद्या व्यक्तीविषयी विचारी, त्या व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर ओटीपी जाई आणि तिच्या संमतीनंतर उत्तर म्हणून केवळ एक अंक मिळे : लस घेतली नसल्यास 0, अंशतः घेतल्यास 1, पूर्ण झाल्यास 2. ना जन्मतारीख, ना ओळखपत्राचा क्रमांक. खिडकीतून संपूर्ण दप्तर बाहेर न देता विचारल्यापुरते उत्तर देण्याचा हा उत्तम नमुना होय.

याच्या उलट चित्र 12 जून 2023 रोजी चर्चेत आले. टेलिग्रामवरील एक स्वयंचलित खाते लसधारकांची वैयक्तिक माहिती देत असल्याचे प्रसिद्ध झाले. को-विनमधून माहिती फुटल्याचा आरोप आरोग्य मंत्रालयाने निराधार ठरवला आणि ओटीपीविना माहिती मिळू शकत नाही, असे सांगितले. मात्र त्याच निवेदनात एक तपशील होता. काही एपीआय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या त्रयस्थ संस्थांना दिलेले असून, त्यांपैकी एकाद्वारे केवळ भ्रमणध्वनी क्रमांक देऊन माहिती मिळू शकते. परंतु को-विनने पूर्वमान्यता दिलेल्या विश्वसनीय प्रणालीकडूनच अशी विचारणा स्वीकारली जाते. मान्यताप्राप्त यादीत कोण आहे, ते कोणी ठरवले आणि त्या प्रणालीची किल्ली तिसऱ्याच्या हाती पडली तर काय, हे प्रश्न त्या वाक्यातून उभे राहतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा अभ्यास करताना हे दोन एपीआय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत : एकात उत्तरापूर्वी नागरिकाला विचारले जाते, दुसऱ्यात त्याला विचारणा झाल्याचे कळतही नाही.